येऊन राह्यलो

गुरुवार, २३ नोव्हेंबर २०१७

या विश्रामगृहातल्या पंख्याला दोनच वेग आहेत : बंद आणि वादळ. मधला वेग अद्याप मंजूर झालेला दिसत नाही. बंद ठेवला तर डास जेवायला बसतात, लावला तर माझी पानं खोलीभर उडतात. मला सुट्या पानांवर लिहायची सवय. एक पान पलंगाखाली सापडलं, दुसरं न्हाणीघरात, तेही ओलं. पाण्याचा तांब्या ठेवून पाहिला, त्याने शाई पसरवली. मराठी विनोदाचं अशाने काय होणार, हा प्रश्न मी योग्य जागी उपस्थित करणार आहे.

बाकी सगळं झकास. सगळा जन्म यवतमाळात गेला, पन्नाशी उलटली, आणि जिल्ह्यातला वाघ पाहायचा राहिला. संपादकांना सफारीवर खुसखुशीत लेख हवा होता. मी म्हटलं, वाघ दिसो न दिसो, पर्यटक तर दिसतील.

उत्तमसिंगची जीप दोन तास कापसाच्या वावरांमधून आली. लांबून शिवार पांढरंशुभ्र. जवळ जाऊन बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, जावयासारखी ऐसपैस बसलेली. उत्तमसिंगचं म्हणणं, यंदा वेचायला माणूस भेटत नाही, वाघ पाहायला मात्र रांग लागते.

विश्रामगृहात जमनी स्वयंपाक करते. पाहुणा असला की इथेच मागच्या खोलीत राहते. तिचा नवरा उकंडा सफारीचा गाईड. तो मात्र संध्याकाळी नाला ओलांडून पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जातो. अळीने खाऊन उरलेला कापूस रानडुकरांपासून राखायचा असतो. पहाटे पुन्हा पायी इकडे. वीस मिनिटांची वाट. जमनीने भाकरीसोबत अंबाडीची भाजी केली होती. मी दोनदा मागून घेतली.

शुक्रवार, २४

पहाटे सफारी. नाल्यात उकंडाने जीप थांबवली आणि दोन गोटे उचलले. चढ चढून वर गेलो तर रस्त्याच्या कडेला छातीइतका दगडांचा ढीग, शेंदूर लावलेला. कधीकाळी तिथून वाघाने माणूस नेला. तेव्हापासून जाणाऱ्याने दगड ठेवायचा, म्हणजे परत येणं पक्कं. गावच्या माणसाचा वर्षाला एक, दिवाळीनंतर. पाहुण्याचा खेपेला एक. उकंडाने एक उत्तमसिंगचा ठेवला, एक माझा. मी विचारलं, पाहुण्यांनी स्वतः ठेवायला नको का? तो हसला. म्हणाला, "पाहुण्याले काय समजते, ताई? पाहुण्याचा मीच ठेवतो."

दगड नाल्यातूनच आणावा लागतो. वर एकही सुटा उरलेला नाही. शंभर वर्षं लोक वेचताहेत.

वाघ दिसला नाही. त्याऐवजी नागपूरचं एक कुटुंब दिसलं, चार दुर्बिणी आणि चिवड्याचा डबा घेऊन. लेखाची सोय झाली.

परतताना पुन्हा ढिगापाशी थांबलो. दोघं खाली उतरून टायर पाहत होते. ढिगावर एक चपटा, तळहाताएवढा दगड होता, मध्ये पांढरी रेघ. कागदावर ठेवायला याहून सुरेख वस्तू बाजारात मिळणार नाही. उचलला आणि पर्समध्ये टाकला. एवढ्यातून एक कमी झाला तर वाघ काय हिशेब तपासायला बसलाय?

आता पंखा वादळावर आहे आणि पानं जागच्या जागी. सभ्यतेचा विजय.

शनिवार, २५

उकंडा तासभर उशिरा आला. उत्तमसिंग म्हणाला, बायको इकडे असली की नवऱ्याला झोप चांगली लागते. उकंडा हसला नाही. वेळेवरच निघालो होतो, म्हणाला. "वाटच सरून नाही राह्यली."

मी हे लेखात घालायचं ठरवलं. सरकारी रस्त्यांबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही.

नाल्यापाशी उत्तमसिंगने जीप थांबवली. ओल्या मातीत उकंडाच्या चपलांचे ठसे होते आणि जवळजवळ प्रत्येकावर एक पंजा उमटलेला. मागून येणाऱ्याने जपून, पावलावर पाऊल ठेवावं तसा. उकंडा खाली वाकला. मला मागे काही दिसलं नव्हतं, म्हणाला.

ढिगापाशी तो खाली उतरला आणि दगडांत काहीतरी शोधू लागला. माझा गोटा ठेवायचं मात्र विसरला नाही.

रविवार, २६

आज तो दुपारी बाराला आला. सदरा घामाने भिजलेला. बसल्या बसल्या तीन तांबे पाणी प्याला. सांगत होता, पहाटेच निघालो. नाला समोर दिसतो, उतरतो, आणि उतरलं की नाला पुन्हा पुढेच. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही.

जमनी चुलीपाशी होती. तिने वळून विचारलं, "तुमचा दगड हाय ना जाग्यावर?"

नाही, म्हणाला. काल पाहिला, आज पाहिला. पांढऱ्या रेघेचा. कोणी तरी नेला.

जमनीची भाकरी तव्यावर करपली. मग तिने सांगितलं, मला नाही, चुलीला सांगावं तसं. दगड उचलला की माणसाचं येणं वाटेतच राहतं. दुसरा ठेवून चालत नाही. ज्यानं उचलला त्यानंच तोच ठेवावा लागतो.

मी खोलीत आले आणि दगडावर टॉवेल टाकला.

सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. तीस वर्षं लोकांना छापून हसले, स्वतःवर हसणं जमतं असंही वाटायचं. पण तिच्यासमोर उभं राहून "मीच" म्हणायचं — पानं उडत होती म्हणून —

जमनीने त्याला आज राहा म्हटलं. त्याची आई पोडावर एकटी आहे, तिला दिसत नाही. सकाळी येतो म्हणाला, थांबला नाही. उत्तमसिंगने जीपने घरापर्यंत सोडलं. उद्या सोमवार, जंगलाला सुट्टी. उत्तमसिंगही गावी गेला. मी ठरवलं, उद्या कोणी नसताना गुपचूप ठेवून येऊ. कोणाला कळायचं कारण नाही.

सोमवार, २७. सकाळ

उकंडा आला नाही.

आठ वाजता नाल्यापलीकडून हाक आली. जमनी अंगणात धावली. "कुठी हाय जी?" बांबूतून त्याचा आवाज, स्वच्छ : "येऊन राह्यलो."

आम्ही थांबलो. नऊ वाजले. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, तेवढ्याच अंतरावरून. ती नाल्यात उतरली, पलीकडे चढली, ढिगापर्यंत जाऊन आली. आवाज तितकाच लांब. प्रत्येक वेळी घसा जास्त कोरडा.

ओल्या मातीत चपलेचे ताजे ठसे आहेत, म्हणाली. सगळे इकडे येणारे. त्यांच्यावर पंजे. तेही इकडे येणारे. परत जाणारं काहीच नाही.

दहा वाजता

जमनी झाडायला आली. टॉवेल उचलला. दगड पाहिला. पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला. तिनेच तो नाल्यातून निवडून दिला होता म्हणे, लांबून ओळखू यावा म्हणून.

मी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं. भिंतीशी गेली, पंखा बंद केला.

"आता नाही उडत," म्हणाली.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग हळू आवाजात सांगितलं, लवकर जा. आणि नाल्यातून तुमचा एक घ्या, ताई. आज तुमचा ठेवाले कोणी नाही.

साडेदहा. ढिगापाशी

नाल्यात वाकले होते. गोट्याला हात लावणार तोच उकंडाने हाक मारली, अगदी वरून. आवाज नव्हताच, नुसता घसा. तशीच धावत चढले.

दगड ठेवला. होता तिथेच, रेघ वर करून.  

खाली विश्रामगृहाकडून भांडं पडल्याचा आवाज. मग जमनीचा, कुठी मेले होते जी म्हणून. मग त्याचा. पाणी मागतोय.

पोचला. फिटलं.

आता माझा एक. इथे सुटा दगड नाही. सगळं हातांनी चाचपलं, नुसती माती. ढिगातला घ्यायचा नाही, एवढं कळलंय.

नाला दिसतोय. शंभर पावलं. उतरते आणि

बसले. दीडशे मोजली. नाला शंभर पावलांवर.

मागे वळून नाही पाहत.

पुन्हा मोजली —

उन्हं कलली. पानं मांडीवर गच्च धरलीत. वारा नाही तरी कडा हलतायत, कोणी मानेमागून श्वास सोडावा तशा —

जमनी विचारतेय, ताई, कुठी हाय जी. ओरडून सांगितलं. हसू नका. तोंडात दुसरं काही आलंच नाही. येऊन रा