तिसऱ्या फर्म्यातला ठिपका

५ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. (तू बावन्न वर्षांचा आणि सहा फुटांचा झालास तरी हे नाव बदलणार नाही, तेव्हा तक्रार करू नये.)

पत्रास कारण की ऑपरेशनची जखम भरली. टाके सुबक आहेत. मी सर्जनना विचारलं की दोरा कसला वापरलात, तर ते हसले. आता आतड्याची गाठ काढल्यावर पंचेचाळीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाईने हे नाही विचारायचं तर कुणी?

काल केमोच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. गाठ गेली, पण उरलीसुरली पेशी कुठे दडून राहू नये म्हणून औषध द्यायचं, म्हणाल्या. दर दोन आठवड्यांनी एकदा, असं बारा वेळा. सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन, आणि मग दुसरं एक औषध कमरेला बांधलेल्या छोट्या पंपातून दोन दिवस घरीच चालणार. त्या बऱ्याच वेळ समजावत होत्या. मी मान डोलावत होते आणि त्यांच्या टेबलावरच्या पुस्तकाचा कणा किती वाईट चिकटवलाय ते बघत होते. बाहेर आले तेव्हा काहीही आठवेना.

तू वीस वर्षं हॉस्पिटलात हीच औषधं तयार करतोस. तर मला समजेल असं लिहून पाठव. फोनवर नको, तू नुसता हं हं करतोस. पहिली केमो बारा तारखेला आहे.

लायब्ररीने तळघरातली माझी खोली तशीच ठेवली आहे, जमेल तेव्हा यायचं. वर ग्रंथपाल असतात, खाली मी आणि फाटकी पुस्तकं. घरी तर तेवढीही सोबत नाही.

तुझा लोभ कसा आहे ते उत्तर किती लवकर येतं त्यावरून कळेल.
ताई

*

८ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
बारक्याचा शि. सा. नमस्कार. उलट टपाली लिहितो आहे, लोभाची नोंद घ्यावी.

आधी औषधाचं. शरीरातली पेशी दुणावते तेव्हा स्वतःजवळच्या सूचनांची नक्कल काढते. समज, एक पुस्तक उघडून दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचं. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये प्लॅटिनम असतं, आणि ते त्या पुस्तकाच्या पानांना मधोमध टाका घालतं. शिवलेली पानं उघडत नाहीत, नक्कल निघत नाही आणि पेशी मरते. गाठीच्या पेशी सारख्या नकला काढत असतात, म्हणून त्या जास्त सापडतात. पण औषधाला आपलं-परकं कळत नाही. तोंडाची आतली कातडी, आतडं, रक्त तयार करणाऱ्या पेशी यांचंही काम भराभर चालतं, त्यांनाही टाके पडतात. म्हणून तोंड येतं, पोट बिघडतं, पांढऱ्या पेशी घटतात. केस विरळ होतील, पण बहुतेक सगळे जाणार नाहीत.

आता ऐक, आणि या वेळी कणा बघत बसू नकोस. ताप शंभर पूर्णांक चारला पोचला की गोळी घेऊन वाट बघायची नाही, वेळ कुठलीही असो, हॉस्पिटलला फोन करायचा. केमोनंतरचे काही दिवस गार काही प्यायचं नाही, गार वस्तूला उघड्या हाताने शिवायचं नाही, नाहीतर बोटांत झिणझिण्या येतात आणि घसा आवळल्यासारखा होतो. पहिले दोन दिवस संडासात पाणी दोनदा सोडायचं. आणि मुंग्या पुढच्या केमोपर्यंत टिकल्या, बटण लावता येईना, तर सांगायचं. हे औषध नसांनाही त्रास देतं. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात.

मी बसतो ती खोली काचेची आहे. दोन जोड हातमोजे, मास्क, अंगभर झगा. हे औषध मिठाच्या पाण्यात घालायचं नसतं, साखरेच्याच पाण्यात, म्हणजे या बाबतीत तुझ्यासारखंच नखरेल. पेशंट मला दिसत नाहीत. खिडकीतून चिठ्ठी येते, तिच्यावर वजन, उंची आणि मात्रा, आणि मी पिशवी भरून पलीकडे सरकवतो. आजवर माझ्या हातून कुणाला एक थेंब कमी गेलेला नाही. पूर्ण मात्रा तर पूर्ण काम, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. तुझ्याकडेही असा कुणीतरी काचेमागे असेल. काळजी करू नकोस.

मी पुढच्या महिन्यात यायचं बघतो.

आशीर्वाद आणि टपली दोन्ही चालू ठेवावे.
बारक्या

*

२२ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. आ. वि. तीन केमो झाल्या, जिवंत आहे.

पहिल्याच आठवड्यात सवयीने फ्रिज उघडला आणि बाटली उचलली. हातात वीज गेल्यासारखी वाटली. आता फ्रिजच्या दारावर लोकरीचे हातमोजे टांगले आहेत. परवा जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लागला आणि मी मोठ्याने ओरडले. शेजारच्या मास्तरांनी दार उघडून पाहिलं, काही नाही म्हटल्यावर लावून घेतलं. पंप कमरेला असतो ते दोन दिवस बरे जातात. तो मधूनच बारीकसा घुर्र करतो. घरात माझ्याशिवाय आवाज करणारं तेवढंच काय ते आहे. नर्स काढायला आली की जरा चुटपुट लागते, हसू नकोस.

दर वेळी नर्स बोटांची परीक्षा घेते. अंगातल्या कोटाचं बटण लावून दाखवायचं, टेबलावरची टाचणी उचलायची. मी पहिल्या झटक्यात उचलते. ती म्हणाली की या वयात असे हात तिने पाहिले नाहीत. मी म्हटलं, हातच तर आहेत माझ्याकडे. औषध पूर्ण मात्रेत चाललं आहे, तुझ्या काचेमागच्या भाऊबंदांना कळव.

पुढच्या महिन्यात येणार होतास तो महिना हाच ना?

ओढ असेल तर ती पत्रातूनच दिसू दे, दुसरीकडून दिसायची सोय तू ठेवलेली नाहीस.
ताई

*

१५ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओरडा मिळणार हे गृहीत धरून लिहितो. जमलं नाही. बरोबरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, काचेमागे मी एकटाच उरलो आहे. तिथे आठ तास कुणी बोलत नाही आणि घरी आल्यावर कोण बोलणार. परवा दुकानदाराला सुटे पैसे मागताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

तू दर वर्षी एक शिवून पाठवतेस त्या वह्या आज लावून ठेवल्या, सव्वीस झाल्या. निम्म्या कोऱ्या आहेत. लिहायचं तर काही घडावं लागतं ना. तरी यंदाची वही चुकवू नकोस. पण थकवा असेल तर राहू दे.

मुंग्या किती दिवस राहतात ते तू लिहिलं नाहीस. ते लिही.

इथे बसून उपदेश करणारा,
बारक्या

*

७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

सात झाल्या. यंदाची वही सोबत आहे. निळं कापड, पानं दुमडून शिवलेले आठ फर्मे, कागद तुला आवडतो तो. थकवा असेल तर राहू दे म्हणे! हात असेपर्यंत तुझी वही चुकणार नाही. वेळ जरा जास्त लागला एवढंच.

मुंग्यांचं विचारलंस. येतात नि जातात. टाचणीच्या परीक्षेत अजून पहिला नंबर. घरात दोन कप फुटले, पण ते जुनेच होते. बटणांचे कपडे मी हल्ली घालत नाही, घरात कोण बघायला येतंय. चपलाही बिनपट्ट्याच्या आणल्या, परवा रस्त्यात एक पायातून निघून गेली आणि मी तशीच चार पावलं पुढे चालत राहिले. मागून एका मुलीने आणून दिली. हसून हसून पुरेवाट झाली आमची.

येण्याचं आता विचारत नाही. उन्हाळ्यापर्यंत सगळं संपेल, मग निवांत ये.

वही उघडून लिहायला लाग, हाच नमस्कार समजेन.
ताई

*

१३ फेब्रुवारी, तातडीच्या टपालाने

ताई,

सगळे उपचार, ती. स्व. वगैरे आज राहू देत. काल तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू काही नाही रे म्हणालीस आणि ठेवून दिलास. कागद ठेवून देता येत नाही.

वही उघडली. तिसऱ्या फर्म्याच्या आत, अगदी दुमडीत, दोऱ्याला लागून तपकिरी ठिपका आहे. मोहरीएवढा. पान उताणं करून दाबल्याशिवाय दिसत नाही. ते रक्त आहे.

मी सात-आठ वर्षांचा होतो. तू एकदा जाडजूड पुस्तक शिवलंस आणि शेवटच्या टाक्याला सुई टोचली. टोचल्याबरोबर तू हात झटकलास, तरी एक थेंब लागलाच, आणि तू ते सबंध पुस्तक उसवून पुन्हा शिवलंस. मला म्हणालीस की रक्त लागलेलं पान गिऱ्हाइकाला देत नाहीत. तशी तू हा ठिपका मला पाठवणार नाहीस. तुला टोचलेलं कळलंच नाही. पायातून चप्पल गेलेलीही कळली नाही. कप जुने होते म्हणून फुटले नाहीत.

आणि टाचणी कशी उचलतेस तेही मी ओळखलं. तू डोळ्यांनी उचलतेस. घरी टाचण्या मांडून सराव केला असशील. करशीलच तू, परीक्षेला बसलीस आणि नापास झालीस असं कधी झालंय?

झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण या मुठीचं तसं नाही. पुढचं वाचताना माझ्यावर रागव, चालेल. चूक माझीच आहे. मात्रा कमी करतात असं मी लिहिलं आणि त्याच पत्रात पूर्ण मात्रा तर पूर्ण काम अशी फुशारकी मारली. वीस वर्षं मी पिशव्या भरतो, माणसं बघत नाही. नव्या मुलांना शिकवायचं वाक्य मी तुला पाठवलं. तुला त्याचा अर्थ काय लागेल हा विचार केला नाही. ते वाक्य पिशवी भरणाऱ्यासाठी आहे, पेशंटसाठी नाही. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं मी भरायचं, पण चिठ्ठीवर किती लिहायचं हे डॉक्टर तुझी बोटं बघून ठरवतात. खोटी बोटं दाखवलीस तर चिठ्ठीही खोटी होते. हे एक औषध कमी केलं किंवा बंद केलं तरी पंपातलं चालू राहतं. उपचार सुटत नाहीत. नसा मात्र एकदा फार दुखावल्या की त्यांची हमी कुणी देत नाही.

अठरा तारखेला सगळं सांग. कपांसकट.

घाबरलेला,
बारक्या

*

२० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद. टपली या वेळी मलाच.

सांगितलं. नर्सने टाचणी ठेवली, मी डोळे मिटले आणि म्हटलं, आता बघा. टेबलभर हात फिरवला, टाचणी सापडेना. जेव्हा सापडली असं वाटलं तेव्हा ती बोटाखाली होती की नव्हती तेही कळेना. नर्सने माझा हात धरून ठेवला. धरला आहे हे मला बघून कळलं.

डॉक्टरीणबाई रागावतील वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या की असं लपवणारी मी पहिली नाही. प्लॅटिनमचं औषध आजपासून बंद, पंपातलं चालू. मी विचारलं, बोटं परत येतील का. त्यांनी सरळ सांगितलं की अजून काही महिने बधिरपणा वाढूही शकतो, मग हळूहळू बरंचसं परत येतं, सगळं येईलच असं नाही. आधी सांगितलं असतंत तर, एवढंच म्हणून थांबल्या. पुढचं मला कळलं.

तुझी चूक नाही. चोवीस डिसेंबरपासून मला कळत होतं. मी रोज सकाळी वीस टाचण्या मांडून बसायचे. मला मरायची भीती वाटत होती रे. हात गेले तरी चालतील, पण मी राहिले पाहिजे असं वाटायचं. मी गेले तर तुला पत्र कोण लिहिणार? तुझ्या त्या कोऱ्या वह्यांकडे बघून तू काय करशील, हेच डोक्यात यायचं.

काल लायब्ररीत गेले. एक जुना शब्दकोश टेबलावर उघडून ठेवला होता. कागद चाचपला, गुळगुळीत की खरखरीत काही कळेना. तशीच बसून राहिले. वर पावलं वाजत होती, खाली कुणी आलं नाही. खूप रडले, ते तुला सांगून टाकते.

तुला आठवतं, शाळेतून आलास की तुझं एकच काम असायचं? दप्तर टाकायचास, माझ्यासमोर बसायचास आणि दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचास. मला ओवता येत होतं. तू समोर बसावास म्हणून मी ते तुला द्यायचे.

आता खरंच ओवता येत नाही. सुई दिसते, दोरा दिसतो, पण हातात कुठे काय आहे ते समजत नाही. शब्दकोश तसाच उघडा ठेवून आले आहे.

तेवढ्या दहा सुया ओवायला ये.

तुझीच,
ताई