शिळ्या पाण्याची बादली

गुरुवार, संध्याकाळ

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं आणि घात झाला. शाळेत शिकवून घरी आले, तर फिशटँकमधले नऊ निऑन टेट्रा मरून तरंगत होते. एकच जिवंत, कोपऱ्यात चिकटलेला. हे मासे थव्यानंच राहतात. आता एकटा तो काय करणार?

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून मी माशांचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवते. सासूबाईंनी तीच बादली तुळशीला ओतली. नवं पाणी आलं की शिळं काढायचं, ही त्यांची जन्माची सवय. मंग अर्धा फिशटँक उपसून त्यातही ताजं पाणी भरलं.

"लेकरायला शिळं पाणी कशाला, म्हणलं," एवढंच बोलल्या.

मी केवढी ओरडले! त्या बादलीचं कधी सांगितलं होतं का मी त्यांना? न्हाई. बिलकुल न्हाई.

त्यांनी चहाही घेतला नाही. आत्ता पाहिलं, तर नवी बादली भरून तिच्याशेजारी बसल्यात. मी जवळ गेले तसा हात आडवा केला.

"शिवू नको. शिळं होऊन राह्यलं."