इस्तारीचा नागपूरचा कागद

१२ नोव्हेंबर १९८६
आमच्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात रोग्यापुढे 'नागपूरला पाठवला' एवढंच लिहिता येतं. पुढे त्याचं काय झालं, याला रकाना नाही. म्हणून ही वही.

इस्तारी, वय पन्नास, सावलीजवळच्या तलावावर मासे धरतो. चार महिने शौचातून रक्त, वजन उतरलेलं. मूळव्याध म्हणून गोळ्या देत बसणार नाही मी. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहायला हवं, आणि ती सोय नागपूरला. तिथल्या तज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. माझ्या नावाचा शिक्का जिल्ह्याहून अजून आलेला नाही. माझ्याआधीचे डॉक्टर वामनराव बदली होऊन एटापल्लीला गेले, त्यांचाच मारला. नाव पेनाने खोडलं, खाली सही केली. चालतं.

२६ नोव्हेंबर
तसाच परत पाठवला! पोट साफ नव्हतं. आदल्या दिवसापासून उपास, एरंडेल— सगळं दोनदा समजावलं होतं. बायकोने, गिरजाबाईने, एस.टी.त बसवण्याआधी भात आणि झिंग्यांचं कालवण खाऊ घातलं.

"इतक्या दूर जाणाऱ्या माणसाले उपाशी धाडू का, बाई? लोकं काय म्हणतीन?"

मी बोलायचं ते बोलले. इस्तारी खाली मान घालून म्हणाला, "रागावू नका जी. झिंगे चांगले होते."

पुढची तारीख १९ डिसेंबर.

१८ डिसेंबर
या वेळी दोन दिवस केंद्रातच ठेवला. पेजेचं पाणी, एरंडेल, एनिमा. गिरजाबाई डबा घेऊन आली, तिला दारातूनच परत लावलं. इस्तारी म्हणे, "बाई, आमी मासोळीलेबी इतकं धुवत नाई." दुपारच्या गाडीत स्वतः बसवून दिला.

२२ डिसेंबर
तपासणी झाली. इस्तारी भेटून गेला.

"कागद दिला का काही?"

"तुमच्या नावानं काई नाई देलं, बाई."

पोस्टाने पाठवत असतील.

९ जानेवारी १९८७
अहवाल नाही. दुसरं पत्र टाकलं. तज्ज्ञांच्या लेखी आम्ही खेड्यातले डॉक्टर म्हणजे रोगी गाडीत बसवून देणारे हमाल.

इस्तारीला बोलावणं धाडलं, तर तो गावात नाही. गिरजाबाई: "जंगलाकडं गेला हाय. तीन दिस लागतीन म्हणे." कोणत्या तरी वैदूकडे गेला असणार. तोंडाची वाफ दवडण्यात अर्थ नाही.

१९ जानेवारी
तिसरं पत्र.

२ फेब्रुवारी
इस्तारीला बैलगाडीतून आणलं. पोट फुगलेलं, उलट्या, चार दिवस शौच बंद. आतडं तुंबलं आहे. जीप मिळवून चंद्रपूरला रवाना केला. रजिस्टरात लिहिलं— 'पाठवला'.

५ फेब्रुवारी
गेला.

१० फेब्रुवारी
नागपूरचं उत्तर आज आलं. 'अहवाल त्याच दिवशी रुग्णाच्या हाती दिला आहे.' धडधडीत खोटं. मी स्वतः विचारलं होतं, आणि इस्तारी खोटं बोलणारा माणूस नव्हता.

१७ फेब्रुवारी
गिरजाबाई आली. मेणकापडात गुंडाळलेलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे वामनराव डॉक्टरायचं हाय. नागपूरच्या शिपायानं नाव वाचून सांगतलं, त्यायच्याच हाती दे म्हणून. हा मांगं जंगलाकडं गेला, तो एटापल्लीलेच जाऊन आला. साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्याच्या हाती देलं नाई त्यानं. ज्याचा सांगावा त्यालेच, म्हणे. आता मले जाणं होत नाई. तुमीच पोचवून द्या, बाई."

पाकिटावर वामनरावांचं नाव. माझ्या चिठ्ठीवरच्या शिक्क्यातून, पेनाच्या रेघेखालून वाचून, उतरवून घेतलेलं.

आत चार ओळी. गाठ आतड्यापुरतीच आहे, पसरलेली नाही. पंधरा दिवसांत शस्त्रक्रियेला पाठवा.

मिळालं— पाकीट एक, बंद. देणार गिरजाबाई, घेणार मी. सही केली. शिक्का मारला नाही.