योग्य उमेदवार

नागपूर, ३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
मेघाचा सविनय जय भीम. वि. वि.

रडायचं असेल तर फोन कर आणि भांडायचं असेल तर पत्र लिही, असं तू म्हणाली होतीस. म्हणून पत्र लिहिते आहे. मला भांडायचं आहे. तुझ्याशी नाही, पण ज्यांच्याशी भांडायचं ते उत्तरच देत नाहीत.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या कोर्ससाठी मी पाच ठिकाणी अर्ज केले हे तुला माहीत आहे. तो कोर्स झाल्याशिवाय मला स्वतःच्या सहीने एकही पेशंट तपासता येणार नाही. तोवर रामदासपेठेतल्या या दवाखान्यात मुलांच्या चाचण्यांचे आकडे उतरवायचे आणि खाली सही दुसऱ्याची घ्यायची. गेल्या वर्षी पाचही ठिकाणांहून नकार आला. यंदा चार आले, त्यातला एक तर 'प्रिय सुशील' अशा नावाने. नकार तरी माझ्या नावाने द्या.

आता उरली ती परराज्यातली मोठी केंद्रीय संस्था. बारा जागा, नऊशे अर्ज. दहा फेब्रुवारीला मुलाखत झाली, दोन आठवड्यांत कळवू म्हणाले. सात आठवडे होऊन गेले. फोन केला की मेल करा म्हणतात, मेलला उत्तर देत नाहीत. मी दवाखान्यात आलेल्या आयांना धीर धरा म्हणून सांगते आणि टेबलाखाली मोबाइल उघडून बघते. मला स्वतःची लाज वाटते आणि त्या लोकांचा संताप येतो.

बाबांची तब्येत कशी आहे? आईला म्हणावं, मी वेळेवर जेवते. लोभ तुझा आहेच, तो या उन्हात टिकवावा.

तुझी,
मेघा


मौदा, ८ एप्रिल २०२५

चि. मेघा ऊर्फ सुशील हीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा बाप ठीक आहे. काल कूलरला खस लावायला स्टुलावर चढला आणि तासभर मला खालून हुकूम देत राहिला. तुझी आई कुरडयांत आहे. दोघांना मी सांगितलं की पोरगी मजेत आहे, तेव्हा पुढच्या पत्रापर्यंत मजेत राहा.

एकतीस वर्षं मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला नोंदवायचा. उत्तर न देणारी माणसं मला वासावरून ओळखू येतात. त्यांच्या मनात वाईट असतंच असं नाही, पण समोरचा वाट बघतो आहे हे त्यांच्या खिजगणतीत नसतं. अशांना फोन करायचा नसतो. त्यांना कागद पाठवायचा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तू लाजतेस ते माझ्या लक्षात आलं आहे. भीड ही भिकेची बहीण, एवढं ध्यानात ठेव. तू भरलेल्या अर्जाची छापील प्रत मला पाठव. निकाल कधी लावणार, हे विचारणारं पत्र मी तयार करून देते. अर्ज पूर्ण पाहिल्याशिवाय मी मसुदा करत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

कळावे. माया आहेच, पण वेळेवर उत्तर पाठवशील तर वाढेल.

तुझी आत्या,
चारुशीला


नागपूर, १० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
मेघाचा सविनय जय भीम.

अर्जाची प्रत सोबत आहे. तिसऱ्या पानावर तू थांबशील, म्हणून आधीच सांगते. तिथे प्रवर्गाचा रकाना आहे आणि त्यात मी 'खुला' लिहिलं आहे. जातीचा दाखला जोडलेला नाही.

रागावण्याआधी ऐक. गेल्या वर्षी नकारांवर नकार येत होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरची दीप्ती हसत म्हणाली होती की तुझं काय, तुम्हा लोकांना कुठे ना कुठे मिळतंच, मरण आमचं. दीप्ती वाईट मुलगी नाही. डबा वाटून खातो आम्ही. म्हणूनच ते जास्त लागलं. एका मुलाखतीत एका सरांनी माझा प्रवर्ग मोठ्याने वाचला आणि त्यानंतर विषयातला एकही प्रश्न विचारला नाही, गाव कुठलं, वडील काय करतात, एवढंच. मी रात्रंदिवस अभ्यास करायचा आणि मिळालं तरी लोक म्हणणार की मिळालं नाही, दिलं.

मला एकदा तरी स्वतःच्या बळावर आत जायचं होतं. बस, एवढंच. बाबांना सांगू नकोस.

माया कमी करू नकोस ही विनंती.

मेघा


मौदा, १७ एप्रिल २०२५

चि. मेघा हीस,
जय भीम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी जमले तर लिहीन.

चौदा तारखेला तू घरी आली नाहीस ते बरं झालं. तुझं पत्र त्याच्या आदल्याच दिवशी शेजारच्या पोस्टमनने घरी आणून दिलं होतं, आणि तोंडावर मी फार वाईट बोलले असते.

आधी नियम सांगते, कारण एम.ए. होऊनही तुला तो माहीत नाही. जात लिहिली म्हणून कोणी खुल्या जागेतून बाद होत नाही. गुण असतील तर नाव खुल्या यादीत लागतं, कमी पडले तर राखीव जागा असते. दोन दारं उघडी होती, त्यातलं एक तू स्वतःच्या हाताने लावून घेतलंस. आणि लपवलंस कोणापासून? आडनाव खोब्रागडे, गाव मौदा, आणि रकान्यात 'खुला'. त्या समितीतलं शेंबडं पोर असतं तरी त्याला कळलं असतं.

आता मुद्द्याचं. मी नोकरीला लागले ती राखीव जागेवर. टायपिंगला माझा वेग सगळ्यांत जास्त होता, तरी साहेब चहा पिता पिता म्हणायचे की ही कोट्यातली आहे, हिला मसुदा जमणार नाही, हिला आवक-जावकला बसवा. मी बसले. येणारा प्रत्येक कागद वहीत चढवण्याआधी पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला. पाच वर्षांनी त्याच कचेरीतले अडलेले सगळे मसुदे गुपचूप माझ्या टेबलावर यायला लागले. सही अर्थात साहेबांची. त्या नोकरीवर तुझा बाप शिकला आणि त्याच्या शिकण्यावर तू.

आणि तू मला लिहितेस की तुला स्वतःच्या बळावर जायचं होतं. मग मी कोणाच्या बळावर गेले होते, मेघा?

निकाल विचारणारं पत्र मी लिहून देणार नाही. आशीर्वाद जमले नाहीत.

चारुशीला खोब्रागडे


नागपूर, २ मे २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

दोन आठवडे मी लिहिलं नाही, कारण मीही रागावले होते. तुझं पत्र फाडायला घेतलं आणि परत घडी करून ठेवलं. तुझं सगळं खरं होतं, पण तू मला एकदाही विचारलं नाहीस की दीप्तीचं ते बोलणं ऐकून मला काय वाटलं होतं. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नव्हतं.

परवा, तीस एप्रिलला यादी लागली. बारा ओळी. दहा खुल्या आणि इतर प्रवर्गांच्या. अकरावी अनुसूचित जाती, तिथे एका मुलीचं नाव. बारावीही अनुसूचित जाती, आणि तिथे नावाच्या जागी लिहिलं आहे, 'योग्य उमेदवार आढळला नाही'. माझं नाव त्याखाली, खुल्या प्रवर्गाच्या प्रतीक्षा यादीत, पहिलं. शेजारी गुण दिले आहेत. अकराव्या ओळीतल्या मुलीपेक्षा मला चार जास्त आहेत.

मी ते वाचून दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसले. तू बरोबर होतीस, आणि त्याचाही मला राग येतो आहे.

पण खरी गंमत काल झाली. मेल आला की रिकामी राहिलेली बारावी जागा त्यांच्या नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गात वळवली आहे आणि ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला देत आहोत. आठ मेपर्यंत होकार कळवा. आत्या, म्हणजे आपल्यासाठी ठेवलेली जागा, आपल्यात कोणी लायक नाही म्हणून काढून घेतली आणि खुल्यातल्या एका मुलीला दिली, आणि ती मुलगी मी. दीप्तीने पेढे मागितले. मला तिच्याकडे बघवलं नाही.

दोन वर्षं मी हे मागत होते आणि आता हातात घ्यायची किळस येते आहे. घेऊ का नको? रागावलेली असलीस तरी उत्तर दे.

मेघा


मौदा, ५ मे २०२५

चि. मेघा हीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

पोस्टावर भरवसा नको म्हणून हे तुझ्या बापाच्या, शालिकरामच्या हाती देते आहे. त्याला सगळं सांगितलं आहे. तो चिडला, मग जेवला.

जागा घे. किळस वगैरे नंतर. ती जागा आपलीच आहे, कोणाचं तू हिरावून घेत नाहीस. पण बारावी ओळ तशी राहू देऊ नकोस. पुढच्या वर्षी कोणीतरी तीच यादी पुढे करून म्हणेल की बघा, यांच्यात लायक मिळतच नाहीत, जागा कशाला ठेवायच्या. आणि त्या वेळी लायक मुलगी त्याच वर्गात बसलेली असेल, खुल्या नावाने. खोटा कागद असा तयार होतो. प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम करत नाही. या वेळी त्यात तुझाही हात आहे, हे तुला टोचावं म्हणून लिहिलं.

सोबत मसुदा आहे. जातीचा दाखला आणि पडताळणीचं प्रमाणपत्र जोडायचं आणि यादीत दुरुस्ती मागायची. मात्र आधी प्रवेश पक्का कर, पावती हातात घे, आणि मग पत्र पाठव. भांडायचं ते आत जाऊन. क्रम चुकवू नकोस.

विचारलं नाही म्हणालीस. खरं आहे, विचारलं नाही. मलाही तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, पण हे काही कारण झालं नाही.

लोभ आहे. राग वेगळा धरते.

तुझी आत्या,
चारुशीला


नागपूर, १० मे २०२५

ती. आत्यास,
मेघाचा सविनय जय भीम.

मी क्रम चुकवला. होकार आणि पत्र एकाच मेलमध्ये पाठवलं. आधी गुपचूप आत शिरून मग बोलायचं, तर ते पुन्हा लपणंच झालं असतं. मसुदाही थोडा बदलला. तू शेवटी 'दुरुस्ती करावी ही नम्र विनंती' लिहिलं होतंस, मी 'दुरुस्ती करावी' एवढंच ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. अकरा आठवडे ज्यांना वेळ नव्हता त्यांना एका दिवसात मिळाला. कार्यालयातले गृहस्थ आधी गोड बोलले की मॅडम, जागा मिळाली आहे, एका ओळीवरून कशाला ताणता. मी म्हणाले की मिळालेली जागा आणि लिहिलेली ओळ एकाच वेळी खरी असू शकत नाही. मग आवाज बदलला. म्हणाले की अर्जात खुला तुम्हीच लिहिलंत, आता खुला का राखीव, एक काय ते लेखी द्या. राखीव लिहिलंत तर दिलेली जागा थांबवावी लागेल, समिती बसेल आणि ती काय ठरवेल ते सांगता येत नाही.

मी तासाभरात लिहून दिलं, अनुसूचित जाती. आता ना होकार आहे ना नकार. बाबांनी माझा फोन उचलला नाही. तू तरी लिही.

मेघा


मौदा, १४ मे २०२५

चि. मेघा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाप दोन दिवस घर डोक्यावर घेऊन राहिला आहे. हातची जागा घालवली म्हणतो, काहून पोरीले भरीला घातलं म्हणून माझ्याच अंगावर येतो. मी त्याला म्हटलं की मी आधी पावती घ्यायला सांगितली होती. त्यावर तो म्हणाला, ती तुझ्यावर गेली आहे, दुसरं काय होणार. मला ते ऐकून बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचा राग आला.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. एकतीस वर्षांत मी साहेबांना एकदाही लेखी विचारलं नाही की मला माझ्या नावाने मसुदे का देत नाही. दुसऱ्यांसाठी शेकडो अर्ज लिहून दिले, स्वतःसाठी एक नाही. त्याचा जो राग साठला होता तो मी तुझ्यावर काढला, आणि तू तो घेऊन सरळ त्यांच्यासमोर उभी राहिलीस. जागा गेली तर मला कोणाच्या तोंडाकडे बघता येणार नाही. तरी पत्र मागे घेऊ नकोस.

'विनंती' काढलीस ते चांगलं केलंस. माझ्या हाताला ती सवय लागली आहे.

जेव. झोप. मोबाइल कमी बघ. माया आहे, आणि या वेळी अट नाही.

तुझी आत्या,
चारुशीला


नागपूर, २८ मे २०२५

ती. आत्यास,
मेघाचा सविनय जय भीम.

फोनवर सगळं सांगता आलं नाही, कारण बाबांनी तुझ्या हातून फोन घेतला आणि मग ते रडायलाच लागले. त्यांना मी तसं कधी ऐकलं नव्हतं. म्हणून उरलेलं लिहिते.

काल मेल आला. त्यात पत्र नाही, खुलासा नाही, नुसती यादी जोडलेली. बाराव्या ओळीत अनुसूचित जाती, मेघा शालिकराम खोब्रागडे. प्रवेश पक्का आहे, एक जुलैला वर्ग सुरू होतात. दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, यादीही दाखवली. दीप्तीने ती दोनदा वाचली आणि परत दिली.

मग संध्याकाळी खोलीवर बसून मी ती यादी तुझ्यासारखी वाचली, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. वर 'सुधारित' असा शब्द नाही. तारीख तीस एप्रिल. संकेतस्थळावरची आधीची यादी काढून तिथे हीच ठेवली आहे. प्रतीक्षा यादीतून माझं नाव गेलं आहे. अडीच आठवडे तू झोपली नाहीस, बाबा बोलले नाहीत, मी एक घास सुखाने खाल्ला नाही, आणि या यादीच्या हिशेबाने त्यातलं काहीच झालेलं नाही. कोणी चुकलं नाही, कोणी दुरुस्त केलं नाही.

मला आनंद झाला आहे, आत्या, खोटं कशाला बोलू. पण राग त्याहून मोठा आहे, आणि तो घेऊनच मी तिथे जाणार आहे. कारण त्यांच्या कागदावर आता मी पहिल्या दिवसापासूनच योग्य होते.

तुझा लोभ मागत नाही, तो माझाच आहे असं धरून चालते.

तुझी,
मेघा