काळ्या छत्रीचा सिनेमा आणि आपण दोघी

राहनाळ, भिवंडी
१९ ऑगस्ट २००७

प्रिय हौसाबाय,

आधी नमस्कार घ्या, मग 'प्रिय' म्हटल्याबद्दल रागवा. वडील नणंदेला असं लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पत्राची एकच सुरुवात शिकवली. सख्खे वडील असोत, शाळेचे पाद्री असोत नाहीतर कल्याणची म्युनिसिपालिटी, सगळ्यांना 'डिअर'च. त्या सवयीने माझ्या हातून तुम्ही आणि म्युनिसिपालिटी एका रांगेत बसलात. (क्षितिजा बाळा, आजीला हे पत्र तू वाचून दाखवणार, म्हणून तुला आधीच सांगते. भरभर वाचू नकोस, आणि 'ळ' आला की जीभ नीट वळव. बंगलोरच्या शाळेत हिंदी शिकवतात म्हणून 'राहनाळ'चं 'राहनाल' झालेलं मला चालणार नाही.)

तुमच्या गुडघ्याचं काय म्हणता? तिथल्या थंडीने तो जास्तच धरतो असं दीपेश फोनवर म्हणाला. तांदळाचं पीठ तिथे मिळतं, पण भाकरी चिरते, असंही म्हणाला. पाणी उकळत नसाल तुम्ही. दुसऱ्याच्या गॅसवर माणूस घाई करतं, मग तो गॅस पोटच्या मुलाचा का असेना.

मी अगदी मजेत आहे. घराच्या डावीकडे गोदाम होतंच, आता उजवीकडेही झालं. मागच्या शेतात तिसऱ्याचे पत्रे चढताहेत. शेजार आहे, पण या शेजाराला खिडकी नाही. पूर्वी कढी उतू गेली तरी चार घरांतून विचारणा व्हायची. आता मी दिवसभर गप्प राहिले तर ते फक्त मलाच कळतं. विशाल कल्याणहून आठवड्याला येतो आणि म्हणतो, आई, घर गोदामवाल्याला देऊन टाकू, तू आमच्याकडे फ्लॅटमध्ये चल, तिथे लिफ्ट आहे. (मुलगा चांगला आहे हो. सूनही चांगली आहे. लिफ्टही चांगलीच असेल.) गोदामवाला स्वतः दर रविवारी येतो. मी त्याला चहा देते, चकली देते, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करते. मी त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं तर तो यायचा थांबेल, आणि रविवारी माझ्याकडे येणारा पाहुणा म्हणजे तेवढाच काय तो.

खरं अडलंय ते तुमच्या एका वाक्यावर. तुम्ही दिघाशीचं घर बंद करून दीपेशकडे निघालात, तेव्हा वाटेत इथे रिक्षा थांबवली होतीत. मी (विधवेने भरू नये म्हणतात तरी) ओटी भरली. तुम्ही रिक्षात बसता बसता म्हणालात, "भाऊ न्हाय तं मंग माहेर कसला, वयनी?" आणि रिक्षावाल्याने नेमकी तेव्हाच गाडी सुरू केली, नाहीतर मी उत्तर दिलं असतं. (काय दिलं असतं ते अजून सुचलेलं नाही.) विशाल विचारतो, एवढ्या मोठ्या घरात तू राखण कशाची करतेस? मी सांगणार होते की तुझ्या आत्याच्या माहेराची. पण आत्याच जर म्हणते की माहेर उरलं नाही, तर मग मी इथे बसून नुसता गोदामवाल्याचा चहा उकळते आहे, दुसरं काय.

पण हे लिहायला पत्र घेतलंच नव्हतं. पत्र घेतलं ते सिनेमासाठी. हौसाबाय, आपला छत्रीवाला परत आला. दुसरा भाग. शुक्रवारी लागला.

(क्षितिजा, तुझ्या आजीने तुला हे सांगितलं नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुझे केसरीनाथ आजोबा, म्हणजे आजीचा भाऊ आणि माझे यजमान, गेले त्याला वर्ष झालं होतं आणि मी बोलणंच सोडून दिलं होतं. तुझी आजी दिघाशीहून मला जेवू घालायला यायची. एकदा ती टेम्पोतून येत असताना नाक्यावर तिला पोस्टर दिसलं. एक गोरा, देखणा माणूस, पांढरा सूट, हातात काळी छत्री. वर हिंदीत लिहिलेलं, 'काली छतरी, लाल खून'. आजीला वाचता येत नव्हतं. तिने छत्री तेवढी बघितली आणि ठरवलं की ही पावसातली लव्हस्टोरी आहे.) घरात आपण ब्लाऊजपीस आणायला चाललो असं सांगितलं, कारण वर्षाच्या आत-बाहेरची विधवा आणि तिची नणंद मॅटिनीला निघाल्या म्हटल्यावर गावाने काय काय शिवून दिलं असतं कोण जाणे.

शुक्रवार होता. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणजे भिवंडी कशी अनोळखी वाटते तुम्हाला आठवतं ना? खटखट थांबली की आपल्याच पायांचा आवाज येतो. आठवडाभर लूमवर उभे राहिलेले सगळे कारागीर त्या दिवशी थेटरात. खाली पाय ठेवायला जागा नाही, आणि वर बाल्कनीत आपण दोघी, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, आणि एक गृहस्थ जे झोपायलाच आले होते. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला आणि तो माणूस इंग्रजीत बोलायला लागला. पाच मिनिटं लोकांनी वाट पाहिली की कधीतरी हिंदीत बोलेल. मग शिट्ट्या, मग खुर्च्यांचे आवाज. मॅनेजर पडद्यापुढे येऊन हात जोडून म्हणाला की रिळांच्या डब्यांची अदलाबदल झाली, हिंदी प्रिंट दुसऱ्या गावाला गेली, इथे ही आली. खालून कोणीतरी ओरडलं, "तो क्या हम दूसरे गाँव जाएँ?" आणि तेवढ्यात तुम्ही उठलात. नऊवारी सावरून बाल्कनीच्या कठड्याला पोट लावून उभ्या राहिलात आणि शेतातून हाक मारतात तशा ओरडलात, "ओ भाईलोग! गडबड नाय करनेका! आमची वयनी कानवेंटान शिकेल हाय. ती सांगंल!"

मी खुर्चीखाली शिरायचं तेवढं बाकी होतं. हौसाबाय, सिस्टरांचं इंग्रजी वेगळं होतं हो. त्या एकेक शब्द धुऊन, इस्त्री करून बोलायच्या. हा पडद्यावरचा माणूस अर्धे शब्द गिळायचा आणि उरलेले दातांतून सोडायचा, आणि दातही कसले, सुळे! कारण तोपर्यंत उघडकीला आलं होतं की तो रक्त पिणारा पिशाच आहे, पण चांगल्या चालीचा. लोकांना वाचवणारा. माणसाचं रक्त घेत नाही, फ्रिजमधल्या बाटलीतलं काहीतरी पितो. उन्हात जळतो म्हणून छत्री, आणि त्याच छत्रीच्या टोकातून वाईट पिशाचांवर गोळ्या. तुम्ही म्हणालात, "वयनी, बोल ना, लोकं बघतान." वर्षभरात मला कोणी 'बोल' म्हणालं नव्हतं असं नाही. सगळेच म्हणत होते. पण माझं बोलणं कोणाला पाहिजे आहे असं पहिल्यांदाच वाटलं.

मग जे झालं त्याचं मला आजही एकटीला बसल्या बसल्या हसू येऊन पंचाईत होते. मला चारातलं एक वाक्य कळायचं. ते मी मराठीत तुम्हाला सांगायचे. तुम्ही ते तुमच्या हिंदीत खाली सोडायचात. लूमवर राहून कान गेलेल्या लोकांना मागे ऐकू जात नव्हतं, म्हणून खालच्या खुर्च्यांच्या मधोमध एक दाढीवाले चाचा उभे राहिले आणि तेच परत मागच्यांना ओरडून सांगायला लागले. पडद्यावरचा म्हणायचा दोन शब्द. मी म्हणायचे, "तो म्हणतो, थांब." तुम्ही म्हणायचात, "वो बोलताय, थांब रे मेल्या, तेरेको काय वाटलं, ये जमीन तेरे बापाची हाय?" जमीन कुठून आली? वाईट पिशाचांना त्या शहरातल्या माणसांचं रक्त हवं होतं, तुम्ही त्यांना शहराच्या सातबाऱ्यावर नाव हवंय असं करून टाकलंत. सगळं थेटर चिडलं! रक्तासाठी नव्हते चिडले तेवढे. कारागिरांपैकी निम्म्यांची जमीन तिकडे गावी भावकीत अडकलेली, हे चाचांनी मध्यंतरात सांगितलं तेव्हा मला कळलं. एक चुंबनाचा प्रसंग आला. मी गप्प. खालून ओरडा, "अम्मा, ये क्या बोला?" मी म्हटलं, यात बोलणं नाही. तुम्ही मात्र खाली सांगितलंत, "वो तब्येत विचारताय."

(क्षितिजा, हे वाक्य तू वाचलं नाहीस असं समज.)

आणि तो दरवाज्याचा प्रसंग. तो पिशाच तरुणपणीच तसा झालेला, आणि त्याची बहीण इकडे माणसातच राहिलेली, म्हातारी होत आलेली. हा इतक्या वर्षांनी तिच्या दारात येतो. पण त्यांच्यात असा नियम की घरातल्यांनी 'आत ये' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. तो छत्री मिटून उभा. ती आत उभी. दोघंही काही बोलेनात. मी तुमच्याकडे वळून म्हटलं, तो तिचा भाऊ आहे, तिने बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. आणि तुम्ही हे खाली सांगितलंतच नाही. तुम्ही पदर तोंडात धरलात. चाचा मान वर करून वाट बघत होते. शेवटी मीच उठले, कठड्याशी गेले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "वो उसका भाई है. वो बुलाएगी तो ही अंदर आएगा." मग खालून एक अगदी कोवळा आवाज आला, "बुला ले ना दीदी." मग दुसरा. मग सगळेच. तिने बोलावलं तेव्हा ज्या टाळ्या पडल्या त्या छत्रीच्या गोळ्यांनाही पडल्या नव्हत्या.

बाहेर पडताना मॅनेजरने आपल्याला थंडा पाजला आणि पुढच्या शुक्रवारी हिंदी प्रिंट बघायला फुकट बोलावलं. आपण गेलो. तुम्हाला ती मुळीच आवडली नाही. जमिनीचं नावच नाही त्यात, म्हणालात.

तर या शुक्रवारी मी दुसरा भाग बघायला गेले. एकटी. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाच कसंतरी झालं, पण गेले. हॉल रंगवलाय. प्रिंट हिंदी, आवाज स्वच्छ, पडद्यावरचे सगळे आपापलं बोलत होते, कोणालाही कोणाची गरज नव्हती. मी बाल्कनीत त्याच बाजूला बसले. छत्रीवाला थोडा सुटलाय. यात त्याला नवीन हिरॉईन आहे, बहीण नाही. मध्यंतरात भज्यांच्या गाड्यापाशी एकाने वाकून माझ्याकडे बघितलं. दाढी पांढरी झालेली, तरी मी ओळखलं. चाचाच. म्हणाले, "आप वही अम्मा? और दूसरी वाली?" मी म्हटलं, बंगलोर गई, बेटे के पास. ते म्हणाले, "वापस कब आएँगी?" म्हटलं, सिनेमा आता हिंदीत आहे चाचा, आमची काय जरूर? तर म्हणाले, "हिंदी में है, लेकिन मजा कहाँ है? ये लोग तो जितना लिखा है उतना ही बोलते हैं." त्यांनी मला भजी दिली. मी ती खाल्ली. मध्यंतर संपल्यावर मी आत गेले नाही. सिनेमा वाईट नव्हता. पण एखादा विनोद झाला की मी डावीकडे वळत होते, आणि डावीकडे कोणी नव्हतं. दोनदा झालं तसं. तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नव्हतं.

लिहिता लिहिता पावसाने अंधारून आलं. दीपेशला आशीर्वाद. क्षितिजाला गोड पापा, आणि तिच्या जिभेला माझा दम. तुमच्या गुडघ्याला तेल लावून चोळायला कोणी नसेल तर तुम्हीच चोळा, पण चोळा.

तुमची भावजय,
चंद्रा

ता. क. गौरी जवळ आल्यात म्हणून यायचं काही मनात आणू नका. मानकोलीपासून रस्ता खणून ठेवलाय, कंटेनर एकामागे एक उभे असतात, तुमच्या गुडघ्याला ते धक्के झेपायचे नाहीत. मी इथे छान आहे. गौरीला दोन मोदक जास्त खाईन तुमच्या नावाचे.

ता. क. पुन्हा. वरचं सगळं सकाळी आणि दुपारी लिहिलं. मग पत्र तसंच ठेवलं, कारण विशाल आणि गोदामवाला एकदमच आले. गोदामवाला टेप घेऊन आला होता. त्याने ओटीपासून मोजायला सुरुवात केली आणि मधल्या खोलीच्या दाराशी पोचला. तुमची खोली. माझ्या तोंडून निघून गेलं, तिथे मोजायचं नाही, आमच्या हौसाबाय गौरीला येतायत, त्यांचं माहेर आहे हे. विशाल म्हणाला, "आत्या? ती कुठे येते आता?" मी म्हटलं, येते म्हणजे काय, तिने कळवलंय, दिवाळीपर्यंत राहणार आहे. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे तोंडावर खोटं बोलताना माझे कान लाल होतात, म्हणून मी पाठ फिरवून चहा टाकला. गोदामवाल्याने टेप गुंडाळली. भला माणूस आहे. म्हणाला, बसू द्या मावशींना माहेरी, घाई नाही. विशाल जाताना विचारून गेला, आत्याची गाडी कधीची आहे, मी स्टेशनवर घ्यायला येईन.

तेव्हा रस्त्याचं मी जे लिहिलं ते खोडायचं राहिलं. खणलेला आहे, पण रात्री कंटेनर कमी असतात, आणि विशाल गाडी हळू चालवतो. रिक्षात बसून तुम्ही जे बोललात ते मी ऐकलंच नाही असं धरून चालले आहे, कारण त्याला उत्तर द्यायचं तर तुम्ही समोर पाहिजेत. दीपेशला गाडीचं विचारून फोन करायला सांगा, आणि एवढंच सांगा की परतीचं तिकीट इतक्यात काढू नको.