ग्रीरच्या डोक्यावरचा तुरा

११ सप्टेंबर, रविवार

तुरा उभा राहिला! काल संध्याकाळी, टीव्हीवरच्या भर कार्यक्रमात, सगळ्या राज्यासमोर.

चूक माझी. शुक्रवारी दिवसभरातला तिसरा केसांचा टोप होता तो. सर्दीनं डोळ्यांतून पाणी गळत होतं. डोक्यावरचा भोवरा बांधताना एकेक केस उजवीकडून वळवत न्यायचा असतो. मी डावीकडून बांधत गेले, तेही उलट्या अंगानं. एकतीस वर्षं हेच काम करतेय आणि नवशिकी करते ती चूक केली. जाळी चिकटवली तेव्हा नीट बसली होती. दिव्यांच्या उष्णतेनं केस सैल झाले, आमच्या नटानं, केल्विननं, पाठ फिरवली, आणि मागून दोन बोटं उंचीचा तुरा ताठ!

लोक हसून लोळले. केल्विन बिचारा पाचसहा आठवडे त्या एल्डन ग्रीरची नक्कल करून थकला होता. ग्रीरसारख्या माणसाची नक्कल करायची तरी काय? राज्यपालपदाला उभा आहे, पण माणूस म्हणजे थंडगार लापशी. आकडे वाचतो आणि खाली बसतो. काल पहिल्यांदा त्याच्या नावावर टाळ्या पडल्या.

निर्माती मार्सिया धावत आत आली. मला वाटलं, आता काढते खरडपट्टी. तर म्हणते, "व्हर्ना, त्या टोपाला हात लावलास तर हात तोडीन!"

मी घाबरून "बरं" म्हणाले. डॅडच्या डोक्यावर कात्री चालवत शिकलेली मी. दर रविवारी, मागच्या पायऱ्यांवर. माझी बहीण आर्लीन टॉवेल धरायची, मी कापायचे. त्यांनी एकदाही चूक काढली नाही. म्हणून अजून कुणी ओरडलं की दचकते.

१२ सप्टेंबर

आर्लीनचा फोन. सकाळची पाळी संपवून केला होता. "अगं, हसून हसून पोट दुखलं! वॉर्डातल्या दोन्ही बाळंतिणी हसत होत्या, एकीला टाके आहेत तरी!"

मग हसणं थांबवलं. म्हणाली, "तो तुरा कुठून सुचला तुला?"

"सुचला कुठला! चुकला."

"हं," म्हणाली आणि हवापाण्याचं बोलायला लागली.

तिनं हसावं याचंच मला नवल वाटलं. हा ग्रीर निवडून आला तर पहिला घाव तिच्यावर आहे. त्याचं पत्रक छापून आलंय - ज्या इस्पितळात वर्षाला शंभराहून कमी बाळं जन्मतात, तिथल्या बाळंतपणाच्या वॉर्डाची सरकारी मदत बंद. मिलर्स बेंडला गेल्या वर्षी एकाहत्तर झाली. आर्लीन तिथे छत्तीस वर्षं परिचारिका आहे. निम्म्या गावाला पहिली आंघोळ तिनं घातलीय. तो वॉर्ड गेला की पुढचं इस्पितळ सत्तावन्न मैलांवर.

२४ सप्टेंबर, शनिवार

लेखकांना चेव आलाय. आता आमचा ग्रीर चष्मा हरवतो, खुर्चीला धडकतो आणि खुर्चीची माफी मागतो. भोळा सांब. खरा ग्रीर आयुष्यात कुणाची माफी मागेल असं वाटत नाही.

पत्रकातली वॉर्डाची गोष्ट एकदा तरी घ्या, असं मी एका लेखकाला म्हटलं. तो म्हणाला, "त्यात विनोद कुठाय, व्हर्ना?"

खरंच, कुठाय?

३ ऑक्टोबर

किराणा दुकानात माझ्यापुढे रांगेत एक बाई. गाडीत भोपळे, कडेवर नातवंड, आणि दोघांच्या डोक्याला पट्टा. पट्ट्यावर केसांचा तुरा! नायलॉनचा, निकृष्ट, पण माझाच. मी विचारलं, ग्रीरला मत देणार का. "देणार ना! काय गोड माणूस आहे!" मी म्हटलं, तो नट आहे हो, कार्यक्रमातला. ती म्हणाली, "ते माहितीये मला. पण मूळ माणसात काहीतरी असल्याशिवाय का नक्कल होते?"

चिप्सचं पाकीट परत ठेवलं आणि घरी आले. बातम्यांत खरा ग्रीर एका जत्रेत केक खाताना दाखवला. केसांना काहीतरी फासून मागचा तुरा उभा केलेला. जनमत चाचणीत सहा टक्क्यांनी वर गेलाय. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं - माणूस खाली, तुरा वर.

८ ऑक्टोबर, शनिवार

आज मी एक गोष्ट केली. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

पहाटेच उठून स्टुडिओत गेले. टोपाचा भोवरा उसवला. पाच तास बसून नीट, उजवीकडून बांधला. एक केस उभा राहील तर शपथ. केल्विनला काही सांगितलं नाही.

पहिला प्रवेश झाला. केल्विननं पाठ फिरवली, थांबला, हशाची वाट बघितली. काही नाही. बिचाऱ्यानं पुन्हा पाठ फिरवून बघितली. मागे कुणीतरी खोकलं.

मार्सिया आली. ओरडली नाही, हेच वाईट. खुर्ची ओढून समोर बसली.

"तुझी बहीण त्या वॉर्डात आहे. ठाऊक आहे मला. मीही त्याला मत देणार नाहीये. पण लोक या तुऱ्यासाठी टीव्ही लावतात, व्हर्ना. इथे चाळीस जणांची पोटं आहेत."

"आपण त्याला निवडून आणतोय, मार्सिया."

"आपण त्याची टिंगल करतोय."

"टिंगल अशी असते? तू कधी कुणाची टिंगल करताना त्याच्या गालाचा पापा घेतलायस?"

ती उठली. "दुसऱ्या प्रवेशाला वीस मिनिटं आहेत. तुला जमत नसेल तर सांग, मी डिंक लावून उभा करते."

डिंक! मानवी केसांना! मी केस ओवायची आकडी उचलली आणि वीस मिनिटांत भोवऱ्यातले मागचे चार झुबके पुन्हा उलटे बांधले. हशा असा आला की आरसा हलला.

माझ्या बंडाचं आयुष्य एक प्रवेश. लाज वाटते.

१५ ऑक्टोबर, शनिवार

आज खरा ग्रीर स्वतः आला. येणारच होता. सगळे येतात. आपल्या नकलाकाराशेजारी चार मिनिटं उभं राहायचं, स्वतःला हसायचं, की मागची सगळी पापं धुतली जातात. चांगल्या मनाचा ठरतो माणूस.

माझ्या खुर्चीत बसला. तुरा मलाच उभा करायचा होता, खऱ्या डोक्यावर. पातळ केस, भोवरा सपाट, मान ताठ. चांगला साबण वापरतो. मी कंगवा घेतला आणि तोंडातून निघून गेलं -

"माझी बहीण मिलर्स बेंडला बाळंतपणाच्या वॉर्डात आहे."

आरशातून माझ्याकडे बघितलं त्यानं. "सुंदर गाव आहे."

"तो वॉर्ड तुम्ही बंद करणार आहात."

"हो," म्हणाला. उडवाउडवी नाही, काही नाही. "बाई, बारा वर्षं मी हे आकडे घेऊन गावोगाव फिरलो. सभेला वीस माणसं यायची, त्यातली पाच आपलीच. कुणी माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही, कुणी विरोधातसुद्धा नाही. ऐकलंच नाही कुणी. तुम्ही एक तुरा काढलात आणि काल चार हजार माणसं आली." मग हसला. "तुमचे आभार मानायचे होते. मनापासून."

त्याला खोटं बोलता येत असतं तर बरं झालं असतं.

मला मुद्दाम वाईट काम करता आलं असतं. नाही केलं. तुरा नीट वळवला, फवारा मारला, मानेवरचे केस ब्रशनं झटकले. डॅडना झटकायचे तसेच, सवयीनं. बाहेर गेला. लोक उभे राहिले. केल्विननं त्याला मिठी मारली. पटकथेत नव्हती ती.

२९ ऑक्टोबर

काही लिहिण्यासारखं नाही. तुरा, तुरा, तुरा.

९ नोव्हेंबर, बुधवार

आला निवडून. साडेचार हजार मतांनी.

मिलर्स बेंडमध्येसुद्धा तोच पुढे! दर दहांतली सहा मतं. ज्यांना आर्लीननं पहिली आंघोळ घातली त्यांनीच हे केलं.

केल्विन माझ्या खोलीत येऊन बसला. "मी त्याची खिल्लीच उडवली ना? सांग ना, व्हर्ना."

"तू त्याला माणूस केलंस, बाबा. आणि केस मी दिले."

रडायला लागला. मी त्याच्या तोंडावरचा रंग पुसत राहिले. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच टोप लागणार आहे, चार वर्षं लागणार आहे.

आर्लीन फोन उचलत नाही.

२४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सणाला आर्लीनकडे. दोघीच. तिचा नवरा गेल्यापासून ती टर्की करत नाही, कोंबडी करते. बरोबर रताळी, क्रॅनबेरी.

मी भांडणाची तयारी करून गेले होते. वाटेत गाडीत उत्तरं पाठ केली. ती भांडलीच नाही. "रताळी घे आणखी" म्हणाली. शेवटी मीच म्हणाले, "आर्लीन, बोल ना मला काहीतरी. माझ्यामुळे झालं सगळं."

"तुझ्यामुळे कशानं? मतं काय तू टाकलीस?"

"गावानं टाकली! शेजारची रोवीना तो पट्टा घालून गेली मत द्यायला, आत्ता जेवताना तूच सांगितलंस. तुझ्याच हातात झाली ना तिची तिन्ही मुलं? राग नाही येत तुला?"

ती ताटं उचलायला लागली. "रोवीनाला नावं ठेवू नकोस," एवढंच म्हणाली, पाठमोरी.

एवढं मोठं मन माझं नाही. परत येताना मला तिचाच राग येत होता.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉर्ड बंद झाला. मागच्या महिन्यात ग्रीरनं शपथ घेतली आणि पहिली सही त्यावरच केली. निदान बोलल्याप्रमाणे वागला.

आर्लीननं शेवटचे पाळणे पुसून, चादरी घालून ठेवले. मंगळवारी गावातली एक पोरगी सत्तावन्न मैलांवर जायला निघाली आणि चाळिसाव्या मैलावर, धान्याच्या कोठाराजवळ, गाडीतच बाळंत झाली. दोघं बरी आहेत. नवऱ्यानं वाटेतून आर्लीनला फोन लावला होता. ती फोनवरून सांगत होती, तो करत होता. छत्तीस वर्षांतलं शेवटचं बाळंतपण तिनं स्वयंपाकघरात उभं राहून केलं.

५ फेब्रुवारी, रविवार

आर्लीनचा फोन. आवाज बसलेला.

"व्हर्ना, मध्ये बोलू नकोस. मी मत त्यालाच दिलं."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. वेडी म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले. स्वतःच्या पायावर, स्वतःच्या हातानं! ती ऐकून घेत होती.

"ठाऊक आहे," म्हणाली. "वॉर्डाचंही ठाऊक होतं. मत द्यायला पडद्यामागे गेले, त्याचं नाव दिसलं, आणि मला तो पाठमोरा दिसला. तुला खरंच कळलं नाही, व्हर्न? मला वाटलं तू मुद्दाम केलंस. पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुला."

"काय कळायचं?"

"पोस्टानं पाठवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

९ फेब्रुवारी

पाकीट आलं. आत एक जुना फोटो. मागच्या पायऱ्या, रविवार. आर्लीन टॉवेल धरून उभी आहे, माझ्या हातात कात्री. डॅड पाठमोरे बसलेत. आणि डोक्यामागे, डावीकडून उलट्या अंगानं वळलेला भोवरा, त्यातून दोन बोटं उंचीचा तुरा. इतकी वर्षं मी तो पाण्यानं बसवायचे आणि तो उठायचा.

फोटोच्या मागे आर्लीननं एकच ओळ लिहिलीय - "सांग, यांना मी नाही कसं म्हणणार होते?"