स्विच माझ्या हातात होता

मामंजी, तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा चार शब्दांपेक्षा जास्त बोललात ते हायड्रोजनबद्दल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमची चाहूल लागली की मी पदर सावरून आत जायची, आणि तुम्हीही खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसायचात. त्या दिवशी न खाकरताच आलात, हातात मोबाइल. “बेटा, तू बी.एस्सी. आहे ना? पाण्यातला हायड्रोजन गाडीत जळते का?” मी भाकरी थापत होते. म्हटलं, जळतो, पण पाण्यातून काढायला वीज लागते. ती बॅटरीतून घेणार, बॅटरी इंजिनावर भरणार आणि इंजिन पेट्रोलवर चालणार; घातलं तेवढंही परत मिळायचं नाही. तुम्ही “व्हिडिओत तर पेट्रोल वाचते म्हणून सांगतात,” एवढं म्हणून फडताळातली लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी उचलून घेऊन गेलात.

उभा जन्म पॉवरलूमच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलेला, तुमच्या हाताला अवघड असं काही नव्हतंच. स्टीलच्या पट्ट्या कापून एकीला दुसरी लागणार नाही अशा बरणीत बसवल्यात, कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलंत, बॅटरीची वायर जोडलीत आणि झाकणातली नळी व्हॅनच्या इंजिनात हवा जाते तिथे सोडलीत. आग उलटी येऊ नये म्हणून मध्ये पाण्याची बाटली हवी, हे मी दाराआडून सांगितलं, तेही मुकाट्याने ऐकलंत. बुडबुडे यायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आता गाडीले लोणचं खाऊ घालता का?”

आणि पेट्रोल खरंच कमी लागलं. दापोऱ्याच्या केळीच्या बागेत तुमची रोजची फेरी. टाकी गच्च भरून फिरलात, पुन्हा भरलीत, तर आधीपेक्षा कमी मावलं. ही बातमी बाजारात गेली. तुमचे दोन मित्र आपल्याही गाड्यांना बसवून मागू लागले. हे मला म्हणाले, “तू चुप राहा, बाबा खुश आहेत.” दुकान यांच्याकडे सोपवल्यापासून तुम्ही ओट्यावर नुसते बसून असायचात, त्यामुळे ती खुशी मलाही मोडवत नव्हती. पण तुम्हीच आलात. “दुसऱ्याच्या गाडीत लावायच्या आधी तू तपास. चूक असेल तर आपल्या घरातच राहू दे.”

मी म्हटलं, वायरला स्विच लावू आणि तो माझ्या बाजूला ठेवू. एक टाकी चालू, एक टाकी बंद. केव्हा काय ते तुम्हाला सांगणार नाही. सून सासऱ्याच्या शेजारी बसून गावभर फिरणार म्हणून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “लोक काय म्हणतील?” तुम्ही म्हणालात, “म्हणू दे. प्रयोग चालू आहे.” त्या फेऱ्या आठवल्या की मी अजून त्या सीटवर असते. समोरून केळीचा ट्रक येतो, तुम्ही शांतपणे बाजू देता. मला विचारता, माहेरी असं गाडीत कोणी फिरवलं का. मी नाही म्हणते. माझा पदर वाऱ्याने घसरतो आणि तुम्ही रस्त्यावरची नजर हलवत नाही.

दोन्ही टाक्यांना पेट्रोल जवळपास सारखंच लागलं. पंपावर तुमचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हटलं, “भरण्यात कमीजास्त झालं असेल, मामंजी.” तुम्ही माझ्यावर रागावलात ते त्या एकाच वेळी. “माझं मन नको राखू. मन राखायले घरात बाकी सगळे आहेत.” मग आवाज उतरला. “आधी वाचलं ते कशानं?” मी भीतभीत सांगितलं की बरणी बसवल्यापासून तुम्ही गाडी फुलासारखी चालवता, पूर्वी पाय दाबून ओव्हरटेक करायचात. तुम्ही स्वतःच्या पायाकडे बघितलंत आणि इतके हसलात की पंपावरचा माणूस वाकून आत बघायला लागला.

त्याच संध्याकाळी मित्रांना ओट्यावर बोलावून, मला समोर बसवून, तुम्ही म्हणालात, “सून म्हणते ते खरं आहे. त्यात काही नाही.” ते गेल्यावर सासूबाईंना सांगितलंत, “हिला बी.एड. करू दे.” त्या म्हणाल्या, घरचं कोण बघेल? “बघू आपण. मला तोंडावर चूक दाखवली हिनं. पोरींना अशीच बाई पाहिजे शिकवायले.”

मी आता हिंदी शाळेत अकरावी-बारावीच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवते. बॅटरीच्या दोन वायरी पाण्यात सोडून बुडबुडे दाखवते आणि मग तुमची गोष्ट सांगते. मागे एकीने विचारलं, “मॅडम, वो कौन थे?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मेरे पिताजी.” माझे वडील रावेरला सुखात आहेत आणि त्यांना साधी स्कूटरही येत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घरात कोणाला दाखवायचंही नाही. मुलींना खरं काय ते सांगून टाकावं असं दर वर्षी ठरवते, आणि दर वर्षी पुन्हा पिताजीच म्हणते.